एआयचं चित्र ‘तेवढं नीट करून द्या’, हे काम घ्यावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सहा वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं करताय, आणि आता जुनाच प्रकाशक एआयकडून काढून घेतलेली चित्रं पाठवून म्हणतो, ‘चित्रं तयारच आहेत, हात आणि चेहरे तेवढे नीट करून द्या.’ मोबदला पूर्वीच्या पाव. हे काम घ्यावं, की हे क्षेत्रच सोडावं?

मी वीस वर्षं मुखपृष्ठं आणि आतली चित्रं करतेय. असं दुरुस्तीचं काम माझ्याकडे दोनदा आलं. पहिल्यांदा वाटलं होतं, दोन संध्याकाळी पुरतील. फाइल उघडली तर सगळं चित्र एकाच थरात. मुलीचा हात सुधारायला घेतला की मागची खिडकीही रंगवावी लागते, कारण हाताच्या मागे काही नाहीच. खिडकी रंगवताना लक्षात येतं की उजेड तिच्यातून आलेलाच नाही. चेहऱ्यावर तो डावीकडून पडलाय आणि जमिनीवर उजवीकडून. तिसऱ्या पानावर फ्रॉकला चार बटणं, चौथ्या पानावर सहा. मोठ्यांच्या नजरेतून हे सुटेल, पण मुलं बटणं मोजतात. शेवटी बारापैकी नऊ चित्रं मी कोऱ्या पानापासून काढली आणि पैसे मिळाले दुरुस्तीचे.

म्हणून या दराला सरळ नाही म्हणा. कामाला नाही म्हणायची गरज नाही, पण सगळी चित्रं आधी बघायला मागा, प्रत्येकावर किती वेळ जाईल ते लिहून द्या, आणि जे पुन्हा काढावं लागेल त्याला नव्या चित्राचाच दर लावा.

प्रकाशकाला आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती भांडणाच्या सुरात न सांगितलेली बरी. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिकबद्दल निर्णय दिला: मजकूर आणि पानांची मांडणी यांना संरक्षण आहे, मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या चित्रांना नाही. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही एका वेगळ्या खटल्यात सांगितलं की कॉपीराइटसाठी कर्ता माणूस असावा लागतो. म्हणजे त्या बाजारात निव्वळ यंत्राने काढलेलं पात्र कुणी उचललं, तर कॉपीराइटच्या जोरावर त्याला अडवणं कठीण. देशोदेशी कायदा वेगळा आहे, पण ज्याला पुस्तकातलं पात्र पुढे मालिकेत वापरायचंय तो हे ऐकून थांबतो. तुम्ही मात्र कच्ची रेखाटनं, मधले टप्पे, थर असलेल्या फाइली जपून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर हे काम तुमच्या हातचं आहे एवढं दाखवता आलं पाहिजे.

आता भीतीबद्दल. ती खरी आहे. ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ ऑथर्स या लेखक-चित्रकारांच्या संघटनेने २०२४ मध्ये सभासदांना विचारलं, तेव्हा २६ टक्के चित्रकारांनी एआयमुळे काम गेल्याचं सांगितलं आणि ३७ टक्क्यांनी कमाई घटल्याचं. माझ्या आजूबाजूला जे दिसतं ते याच्याशी जुळतं, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की आधी जातंय ते लहानसहान काम. धड्याच्या कोपऱ्यातलं चित्र, लेखासोबतचं छोटं रेखाटन, मुखपृष्ठाचे नमुने. ही कामं कुणाच्या नजरेत भरत नव्हती, पण आम्ही घडलो त्यांच्यावर. घोडा कसा उभा राहतो हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. एका पाठ्यपुस्तकासाठी अंगठ्याएवढे अकरा घोडे काढताना शिकले. ते पुस्तक आज निघालं असतं तर ते घोडे कुणी माझ्याकडे मागितलेच नसते. तुमची निदान सहा वर्षं झाली आहेत. जी मुलं आत्ता सुरुवात करतायत, त्यांनी पैसे मिळवत शिकायचं कुठे?

‘माणूसही दुसऱ्यांची चित्रं बघूनच शिकतो’ असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. हो, मीही नकला करूनच शिकले. पण त्याला वर्षं गेली, आणि शेवटी या धंद्यात एक चित्रकार वाढली. स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रं काढणारी एआय मॉडेलं ज्यातून शिकली त्या लायन-५बी या माहितीच्या संचात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांच्या नोंदी होत्या, आणि त्या घेताना चित्रकारांना विचारलं नव्हतं. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव लोक प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला द्यायच्या सूचनेत, इतक्या वेळा टाकू लागले की त्याच्या नावाने शोधलं तर त्याने न काढलेलीच चित्रं समोर येऊ लागली. याला शिकणं म्हणायला माझी जीभ वळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये तीन चित्रकारांनी अशी एआय साधनं चालवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत खटला भरला, ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातले कॉपीराइटचे मुख्य दावे पुढे चालू दिले. राग येत असेल तर तो योग्य जागी आहे.

शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ हे सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही. चित्र टाकण्याआधी त्यात सूक्ष्म बदल करून ते शैलीची नक्कल अवघड करतं. पण त्यावर मात करण्याचे मार्ग संशोधकांनी दाखवलेत, आणि आधीच उचललेली चित्रं त्याने परत येत नाहीत.

क्षेत्र सोडा असं मी म्हणणार नाही. सगळे टिकतील असंही म्हणवत नाही. एकच पात्र बत्तीस पानं तेच राहायला हवं, लेखिकेशी बसून तिसऱ्या पानावर ती मुलगी का रुसली हे ठरवायला हवं, अशा कामाला अजूनही माणूस लागतो. तुम्ही नेमकं तेच काम करता.

प्रकाशकाला उत्तर पाठवण्याआधी त्यांच्या चित्रांपैकी कुठलीही दोन शेजारी ठेवा. बटणं, बूट, केसांचा भांग, सावल्या, जिथे जिथे जुळत नाही तिथे लाल खूण करा आणि ते पान पत्रासोबत जोडा. दुसऱ्या वेळी मी तेच केलं होतं. सगळं पुस्तक नाही मिळालं, पण मुख्य पात्राची सगळी पानं पहिल्या रेखाटनापासून माझ्याकडे आली, नेहमीच्या दराने.