पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून चाललो, लेप्टोची गोळी घ्यावी का?

काल मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून आलात आणि पायाला जखम नाही, तरी डॉक्टरांना विचारून गोळी घ्याच. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार; त्याचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात. भेगाळलेली टाच किंवा बोटांमधली चिखली त्यांना आत शिरायला पुरते.

जखम नसेल तर डॉक्सीसायक्लिन २०० मिग्रॅ एकदाच, ७२ तासांच्या आत. जखम असताना पाण्यात उतरला असाल तर हाच डोस रोज एकदा, ३ दिवस. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी चालत नाही, त्यांचं औषध वेगळं.

गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत घ्या. लगेच आडवं झालात तर ती अन्ननलिकेत अडकून चांगलीच जळजळ करते. दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या दोन-तीन तास लांब ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही.

गोळी घेतली म्हणजे सुटलो, असं नाही. लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांत, कधी महिन्याभरानेही दिसतात. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असलं की डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आधी सांगा. पहिल्या आठवड्यात अँटिबॉडीची टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते. तेव्हा रक्तात थेट जंतूंचा डीएनए शोधणारी पीसीआर टेस्ट कामाची.