मार्क चांगले, तरी जवळचंच कॉलेज?

प्रश्न: मुलीला मार्क छान आहेत पण शाळेतले सगळे जवळच्याच कॉलेजला चाललेत म्हणून तीपण तेच म्हणतेय. अंतराने एवढा फरक पडतो का हो?

उत्तर: पडतो, खूप पडतो. २०२१ चं नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी अमेरिकेतला डेटा बघितला तर कॉलेजजवळ वाढलेली मुलं जास्त शिकलेली दिसली, आणि आईवडील कमी शिकलेले असतील तिथं हा फरक मोठा होता, घरी राहून शिकलं की खर्च वाचतो ना. पण मला शाळेचा मुद्दा जास्त टोचतो, जिथून आधी कोणी लांब गेलेलंच नाही तिथं फॉर्म कधी भरायचा, स्कॉलरशिप कुठली हे सांगणारंच कोणी नसतं, मग हुशार मुलंही अर्जच करत नाहीत. लांबचा एक तरी फॉर्म भराच, तिथं शिकणाऱ्या एखादीशी तिचं बोलणं करून द्या.