पाच की सहा फेब्रुवारी? आणि 'सोबती' या शब्दात दडलेले आपले गोन्सालो गार्सिया

तुम्ही विचारलंय, वसईत जन्मलेले कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया यांच्यावरचं चिंतन ग्रुपवर पाच फेब्रुवारीला टाकायचं की सहाला, आणि कॅलेंडरात त्यांच्याऐवजी पॉल मिकींचंच नाव पुढे का. छोटं उत्तर आधी: सहा फेब्रुवारीच टाका. आणि कॅलेंडरातून आपले वसईचे संत गायब झाले म्हणून धास्तावू नका. 'संत पॉल मिकी आणि सोबती, रक्तसाक्षी' (म्हणजे धर्मासाठी प्राण दिलेले) असं जे छापलंय, त्यातल्या 'सोबती' या शब्दात गोन्सालो गार्सिया आहेत.

तुम्ही पुढे विचारलंय की ते फादर होते ना, 'पहिले भारतीय संत' असं लिहिलं तर कोणी हरकत घेईल का, आणि रोजच्या चिंतनाच्या दहा-बारा ओळींत या माणसाबद्दल नेमकं काय लिहावं. मी गेली अकरा वर्षं आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या परिसरातल्या भाविकांच्या) ग्रुपवर पहाटे हेच काम करतोय. याच संतापायी दोनदा तोंडावर पडलोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तारखेचा घोळ असा. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर गोन्सालो आणि पॉल मिकींसह सव्वीस जणांना मारलं तो दिवस ५ फेब्रुवारी १५९७. संतांचा सण शक्यतो मरणाच्या तारखेला धरतात, कारण ख्रिस्तसभेच्या लेखी तो स्वर्गातला जन्मदिवस. पण पाच फेब्रुवारीला सिसिली बेटावरची संत अगाथा शेकडो वर्षं ठाण मांडून बसलेली. मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) जुन्या रोमन प्रार्थनेतसुद्धा तिचं नाव घेतात, तिला कोण उठवणार! १९६९ साली नवं कॅलेंडर आलं त्यात या सव्वीस जणांना सहा तारीख मिळाली. मेक्सिकोत मात्र यांच्यातल्याच फेलिपे दे हेसूसचा सण पाचलाच करतात, तो त्यांचा पहिला संत. तेव्हा परदेशातून कोणी पाचलाच संदेश पाठवला तर त्याला चूक काढून दाखवायला जाऊ नका.

माझी पहिली फजिती तारखेचीच. नुसत्या नावावरून शोधलं, 'संत गोन्सालो, १० जानेवारी' असं सापडलं, आणि मी वसईच्या गोन्सालोंचं चरित्र भल्या पहाटे टाकून मोकळा! तो गोन्सालो निराळा. पोर्तुगालमधल्या अमारांतचा, डोमिनिकन संघाचा साधू, आपल्या गोन्सालोंच्या तीनेकशे वर्षं आधीचा. आठ वाजेपर्यंत तिघांचे फोन आले होते.

दुसरी फजिती 'फादर गोन्सालो' असं लिहिल्याची. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मिस्सा सुटल्यावर गाठून सुनावलं, "बाबा, तो बंधू होता, त्याला फादर कोणी केलं, तू?" बाईंचं खरं होतं. गोन्सालोंना कधीच गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) मिळाली नाही, शेवटपर्यंत ते फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचे) बंधूच राहिले. त्यांच्या आयुष्यातली खरी गोष्ट मला तरी इथेच दिसते. वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे). त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले, तिथली भाषा पक्की केली, धर्मशिक्षण देऊ लागले. पण स्वतः येशूसंघात जायची इच्छा काही पुरी झाली नाही. मग व्यापार केला, चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाववरून. पैसाही मिळवला. पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाले, आणि १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता या स्पॅनिश फादरांबरोबर परत जपानला. फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचा निरोप जपानच्या सत्ताधीशाला, म्हणजे तोयोतोमी हिदेयोशीला द्यायचा होता आणि स्पॅनिश मंडळींना जपानी येत नव्हती. दुभाषी आपला वसईकर.

पुढचं थोडक्यात. परदेशी धर्मप्रचारकांना देश सोडायचा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता, फक्त तो कडक राबवला जात नव्हता. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, संशय पेटला आणि क्योतो-ओसाकात धरपकड झाली. चोवीस जण धरले. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांवरून धिंड काढली, आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेलं, जवळजवळ महिनाभर. वाटेत त्यांची सेवा करायला मागे मागे चालणारे दोघेही धरले गेले, म्हणून सव्वीस. सहा फ्रान्सिस्कन (चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक आपला), तीन जपानी येशूसंघीय (पॉल मिकी त्यांतलेच) आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यात बारा, तेरा आणि चौदा वर्षांची तीन मुलं. खिळे नव्हते ठोकले, दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी क्रूसाला जखडलं होतं. मग दोन्ही बाजूंनी भाले. आपल्याकडच्या मूर्तीत क्रूसाबरोबर दोन भाले दिसतात ते यामुळे. मुलं विचारतात, तेव्हा ही ओळ चिंतनात असू द्या.

पॉल मिकींचं नाव पुढे असल्याची तुमची तक्रार मला पटत नाही. तेही फादर नव्हते. जपानी माणूस, आपल्याच लोकांपुढे क्रूसावरून जपानीत बोलला. जपानच्या रक्तसाक्ष्यांच्या दिवसाला त्याचं नाव असणं रास्तच आहे. फ्रान्सिस्कनांच्या कॅलेंडरात पेद्रो बाउतिस्तांचं नाव आधी येतं, म्हणजे ज्याचा त्याचा माणूस पुढे. आपण वसईत आपला पुढे घेतो, मग भांडण कशाला?

'पहिले भारतीय संत' याबद्दल. १६२७ मध्ये गोन्सालोंना धन्य घोषित केलं (ही संतपदाच्या आधीची पायरी) आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. केरळच्या संत अल्फोन्सांना संतपद मिळालं २००८ मध्ये, तेव्हा काही ठिकाणी 'पहिल्या भारतीय संत' असं छापून आलं आणि वसईत बरीच चिडचिड झाली. त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत, एवढं म्हटलं की दोघांचाही मान राहतो. 'वडील पोर्तुगीज, मग भारतीय कसले' म्हणणारा एखादा भेटतोच. तुम्ही 'भारतात जन्मलेले पहिले संत' असं लिहा, वादाला जागाच नको.

आता चिंतन. सगळं चरित्र कोंबू नका, एकच क्षण घ्या. कोणता ते सांगतो. सहा तारखेच्या प्रार्थनाविधीत त्या दिवसाचं एका समकालीनाने लिहिलेलं वर्णन वाचतात. कोण स्तोत्र म्हणत होता, कोण उपकार मानत होता, पॉल मिकी काय बोलले, सगळं त्यात आहे. गोन्सालोंबद्दल फक्त एवढंच, की त्यांनी मोठ्याने 'आमच्या बापा' आणि 'नमो मरिये' म्हटलं. बस. ज्याने दरबारात दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे पोचवले, ज्याला जपानीत हवं ते बोलता आलं असतं, त्याने शेवटी भाषण केलं नाही. घरात पोराला पहिल्यांदा शिकवतात त्या दोन प्रार्थना म्हटल्या, आणि त्याही खणखणीत आवाजात. आमच्याकडे संध्याकाळच्या रोजरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) आजी शेवटच्या दशकापर्यंत (दहा 'नमो मरिये'च्या टप्प्यापर्यंत) पेंगायची, पण 'नमो मरिये'चा तिचा वाटा कधी चुकला नाही. मी हे वर्णन वाचतो तेव्हा मला तीच आठवते. तुम्हाला तुमच्या घरचं कोणी आठवेल, ते लिहा.

वाचनांचं एक सांभाळा. या दिवसासाठी नेमलेली वाचनं गलतीकरांस पत्र २:१९-२० आणि मत्तय २८:१६-२० ही आहेत. पण हा स्मरणदिन असल्याने बहुतेक चर्चमध्ये त्या वारी चालू असलेली वाचनंच होतात. आदल्या संध्याकाळी फादरांना विचारून घ्या, नाहीतर लोक मोबाइलवर एक वाचून जातील आणि वेदीवरून दुसरंच ऐकतील.

चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला लिहिलेलं पत्र तुमच्या वाचनात येईलच. तो वडिलांबरोबर चालत होता, आणि ते पत्र नंतर वडिलांच्या अंगावर सापडलं, रक्ताने माखलेलं. मोह होईल, पण यंदा ते घेऊ नका. त्या पत्रापुढे गोन्सालोंचं कोणाला काही आठवणार नाही. ते पुढच्या वर्षी.