एस७-३०० बंद होतंय: सगळं बदलायचं की स्पेअर भरून ठेवायचे?

तुमच्या मशीन चालवणाऱ्या सीमेन्सच्या एस७-३०० कंट्रोलरबद्दल (पीएलसी) सप्लायर म्हणतो पूर्ण सिस्टीम बदला, मॅनेजमेंट म्हणतं चालतंय तोवर चालवा, असं तुम्ही लिहिलंय. दोघंही अंदाजावर बोलतायत. तुमच्याकडे नक्की काय बसवलंय हे सप्लायरला माहीत नाही, आणि त्यातलं कुठलं कार्ड (पॅनेलमध्ये बसणारं मॉड्यूल) कधीपर्यंत मिळणार हे तुम्हाला माहीत नाही.

सीमेन्सने एस७-३०० आणि ईटी २००एम (कंट्रोलरपासून लांब बसवायचा आय/ओ रॅक) १ ऑक्टोबर २०२३ पासून फेज-आउटमध्ये, म्हणजे हळूहळू बंद करायच्या यादीत टाकलं. स्पेअर साधारण २०३३ पर्यंत मिळतील. पण हे कळवणारी पत्रं ज्याने माल घेतला त्याच्याकडे जातात, म्हणजे बऱ्याचदा पॅनेल बिल्डरकडे. तो कशाला तुम्हाला कळवतोय!

म्हणून आधी पॅनेल उघडून प्रत्येक कार्डाचा पूर्ण ऑर्डर नंबर उतरवा. 'सीपीयू ३१५' एवढ्यावर भागत नाही, शेवटची अक्षरंही लागतात. ती यादी सप्लायरला द्या आणि प्रत्येक नंबरासमोर तीन गोष्टी लेखी मागा: नवीन कधीपर्यंत, रिपेअर कधीपर्यंत, पर्याय कुठला. दरवर्षी शटडाऊनच्या आधी यादी पुन्हा फिरवा. बिघडलेलं कार्ड भंगारात देऊ नका. जुनं परत केलं की काही कार्डं एक्स्चेंजमध्ये स्वस्त पडतात, आणि हे परचेसवाल्यांच्या गावीही नसतं.

आता बदलाचं. एका झटक्यात सगळं करायची गरज नसते. एस७-३०० आणि ईटी २००एमची आय/ओ कार्डं (सेन्सर, व्हॉल्व्ह वगैरेंच्या वायर जिथे येतात ती) तीच. त्यामुळे त्याच रेलवर सीपीयूच्या जागी आयएम १५३ (ईटी २००एमचं जोडणी मॉड्यूल) बसवायचं, कार्डं बसतायत का ते मोजून घ्यायचं (साध्या मॉडेलवर आठ, १५३-२ वर बारा), आणि प्रोफिबसने (कंट्रोलर आणि आय/ओ जोडणारं नेटवर्क) नवा एस७-१५०० कंट्रोलर जोडायचा. फील्ड वायरिंगला हात लागत नाही. आय/ओ कार्डं पुढच्या शटडाऊनला बदला. निघालेला सीपीयू दुसऱ्या लाइनला स्पेअर. खरी मेहनत प्रोग्रॅममध्ये असते, विशेषतः कुणी एसटीएलमध्ये (सीमेन्सची ओळीओळीने लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा) पॉइंटर, म्हणजे मेमरीचे पत्ते, वापरून ठेवले असतील तर.

त्यावरून आठवलं, मूळ प्रोजेक्ट फाइल आहे का तुमच्याकडे? या सीपीयूतून अपलोड केलं तर कोड येतो, पण सिम्बॉल (सिग्नलना दिलेली नावं) आणि कॉमेंट येत नाहीत. मशीन बनवणाऱ्याने प्रोग्रॅमचे ब्लॉक लॉक केले असतील तर आणखी पंचाईत. तो माणूस धंद्यात आहे तोवर फाइल मागून घ्या, पैसे लागले तरी. आणि सीपीयूतलं मायक्रो मेमरी कार्ड (ज्यावर प्रोग्रॅम असतो) लॅपटॉपला लावून विंडोजमधून फॉरमॅट करू नका, ते सीपीयूत पुन्हा चालत नाही. तसं झालेलं मी पाहिलंय.

बाजारातून 'नवीन' म्हणून येणारा माल जपून घ्या, घासून पुन्हा लेबल लावलेला असतो. स्टोअरमधले पॉवर सप्लायही वर्षातून एकदा चालू करून बघा, कारण कपाटात पडून राहिलं तरी कपॅसिटर म्हातारे होतात.

यादी तयार झाली की इथे टाका, साइटचं नाव काढून. कुठली कार्डं आधी गाठायची ते सांगतो.