सरासरी भरली, तरी शेंगा पोचट का?

मराठवाड्यातल्या खरीपपूर्व बैठकांत शेतकरी बांधवांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं.

पावसाची सरासरी भरल्याचं पेपरात येतं. मग आमचं सोयाबीन का जातं?

सरासरी हा अख्ख्या हंगामाचा हिशेब. पिकाला पाणी त्या-त्या आठवड्याला लागतं. 2023 चंच साल घ्या. जून ते सप्टेंबर मिळून देशात सरासरीच्या 94 टक्के पाऊस झाला, म्हणजे कागदावर फार वाईट नाही. पण जुलै 13 टक्के जास्तीचा, ऑगस्ट 36 टक्के तुटीचा आणि सप्टेंबर पुन्हा 13 टक्के वर. इतका कोरडा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत नव्हता. आश्लेषा-मघा कोरड्या गेल्या, त्या नेमक्या सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना. सप्टेंबरच्या पावसाने आकडा सावरला, शेंगा नाही.

पावसाळा मुळात उघडीप घेत-घेतच चालतो. कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर असला की बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या प्रणाली आपल्याकडे पाऊस देतात. तोच पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पूर आणि इकडे खंड. शिवाय विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा ढगांचा फेरा साधारण 30 ते 60 दिवसांनी परततो आणि पावसाला कधी जोर देतो, कधी ओढ लावतो. त्यामुळे एकाच हंगामात खंडही येणार आणि ढगफुटीसारखा पाऊसही. दोन्ही धरूनच रान तयार करायचं.

एल निनो आहे म्हणतात. पेरणी कमी करावी का?

नको. एल निनोने, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापल्याने, तुटीची शक्यता वाढते, दुष्काळाची खात्री होत नाही. 1997 चा एल निनो जबर होता, तरी देशात सरासरीइतका पाऊस झाला. 2002 चा त्यामानाने सौम्य, पण त्या वर्षी जुलैत निम्म्याहून जास्त तूट पडली. आणि एल निनोच्या बातमीवरून खंड कोणत्या आठवड्यात पडेल हे कळत नाही. त्या बातमीवर पीकपद्धत ठरवा, म्हणजे नुसतं सोयाबीन न घेता चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. पेरणीची तारीख मात्र रानातली ओल बघूनच. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका, शेजाऱ्याने काढली तरी!

आमच्या रानात तळं साचलं आणि मंडळाच्या यंत्रावर 40 मिमी. अतिवृष्टी कशी धरणार?

हा राग मला पटतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण एका मंडळात बरीच गावं येतात आणि वळवाच्या ढगाचा पसारा कधी दोन-चार गावांपुरताच असतो. भरपाईच्या निकषाला आकडा मंडळाचाच लागतो. तरीही बांधावर साधा पर्जन्यमापक लावा, कारण पाणी काढायचा हिशेब तुमचा आहे. 1 मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4 हजार लिटर. 65 मिमी म्हणजे अडीच लाख लिटरच्या वर. भारी काळ्या रानात हे पाणी मुरायला वेळ लागतो, तोवर मुळ्या गुदमरतात.

म्हणून बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडणाऱ्या यंत्राने वरंब्यावर पेरा. यंत्र मिळालं नाही तर कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी पाडा. सरी उताराला आडवी, किंचित ढाळाची ठेवा आणि तिचं तोंड चराला जोडा. खंडात हीच सरी ओल धरते आणि मुसळधारेत जास्तीचं पाणी बाहेर काढते. एवढं एक काम झालं तरी मी समाधानी आहे, बाकी सल्ले त्यानंतरचे.

खंड लांबला तर जमीन भेगाळण्याआधी कोळपणी करा. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे खोटं नाही. पानं दुपारी माना टाकू लागली की 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) खत 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम घेऊन फवारा. विहिरीत पाणी असेल तर शेंगा भरताना तुषारने एक तरी पाळी द्या, फवारणीने ती गरज भागत नाही.

अंदाज नक्की कोणता बघावा?

हवामान खात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो. कोळपणी आणि मजुरांची जुळवाजुळव त्यावर करा. जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तिच्यात मुसळधारेचा इशारा असेल तर खत आणि फवारणी दोन्ही थांबवा, चराची तोंडं आदल्या दिवशीच मोकळी करा आणि कापलेलं सोयाबीन असेल तर गंजी लावून ताडपत्रीने झाका.