तीन मते देणे सक्तीचे का होते?

प्रश्न : टांगानिकात (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, तेव्हा ब्रिटिशांच्या कारभाराखाली) १९५८ साली प्रत्येक मतदाराला तीन मते द्यावी लागत, असे वाचले. हा काय प्रकार होता?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी आपण वेगळे मत देतो. तिथेही तसेच, फक्त जागा वंशानुसार वाटलेल्या. मतदारसंघ १०, प्रत्येकातून एक आफ्रिकी, एक आशियाई, एक युरोपीय सदस्य. तिन्ही मते दिली नाहीत तर मतपत्रिका बाद.

या पद्धतीवरच्या भांडणाचे मूळ त्याआधीचे. १९५५ पासून कायदेमंडळातले बिनसरकारी सदस्य तिन्ही समाजांना १०-१०-१० असे दिले होते. आफ्रिकी लोकसंख्या ८० लाखांच्या वर, युरोपीय जेमतेम २० हजार! ब्रिटिश याला 'समानता' म्हणत. शिवाय मताधिकारासाठी वर्षाला १५० पौंड उत्पन्न, आठवीपर्यंतचे शिक्षण किंवा ठरावीक पद यांपैकी एक तरी हवे.

स्वातंत्र्यासाठी लढणारे नेते ज्युलियस न्येरेरे यांच्या 'टानू' (टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन) पक्षापुढे पेच होता. बहिष्कार टाकावा, तर सरकारच्या मर्जीतल्या युनायटेड टांगानिका पार्टीला मैदान मोकळे. जानेवारी १९५८ मध्ये टबोराच्या अधिवेशनात न्येरेरेंनी लढण्याचा निर्णय मंजूर करून घेतला. झुबेरी म्टेम्वू नाराज होऊन बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला.

पण हिशेब न्येरेरेंचाच बरोबर निघाला. तीन मते सक्तीची, म्हणजे आशियाई आणि युरोपीय जागांचा निकालही आफ्रिकी मतदार फिरवू शकत होते. टानूने अमीर जमाल (आशियाई), डेरेक ब्रायसन (युरोपीय) अशांना पाठिंबा दिला. सप्टेंबर १९५८ आणि फेब्रुवारी १९५९ अशा दोन टप्प्यांत विरोधी पक्षाचा धुव्वा उडाला. १९६० मध्ये तीन मतांची सक्ती गेली, एकूण ७१ जागांपैकी ५० सर्वांना खुल्या झाल्या. त्या ७१ पैकी ७० टानूकडे.

प्रश्न : टांगानिका हा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ब्रिटिश चालवत असलेला 'विश्वस्त प्रदेश' होता. विश्वस्त प्रदेश म्हणजे नाव बदललेली वसाहतच ना?

उत्तर : कारभारापुरते बहुतांशी तसेच. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ८७ व्या कलमाने तिथल्या रहिवाशांना अर्ज करण्याची सोय होती आणि विश्वस्त मंडळाची पाहणी पथके प्रत्यक्ष प्रदेशात येत. न्येरेरे मार्च १९५५ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन मंडळासमोर बोलले, ते याच व्यवस्थेमुळे. साध्या वसाहतीला हे दार नव्हते.

दार होते, म्हणून न्याय मिळेच असे नाही. फेब्रुवारी १९६१ मध्ये ब्रिटिश कॅमेरून या दुसऱ्या विश्वस्त प्रदेशात सार्वमत झाले. पर्याय दोनच: नायजेरिया किंवा कॅमेरून प्रजासत्ताक. स्वतंत्र राहण्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. उत्तर भाग नायजेरियात गेला, दक्षिण भाग कॅमेरूनमध्ये.