टूल चेंजर लावायचाय? आधी होमिंग बघा

प्रश्न : मी स्वतः बनवलेला सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरने चालणारं कटिंग मशीन) वापरतो. २.२ किलोवॅटचा पाण्याने थंड होणारा साधा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), टूल आवळून धरायला ईआर२० कोलेट, तिन्ही ॲक्सिसला स्टेपर मोटर. एकेका जॉबला चार-चार टूल लागतात, म्हणजे दर वेळी दोन पाने घ्या, नट सोडवा, टूल बदला, परत कागद सरकवून झेड झिरो, म्हणजे टूलच्या टोकाची उंची, घ्या. वैताग आलाय. ह्याच स्पिंडलला ऑटोमॅटिक टूल चेंजर बसेल का? आणि स्पिंडल बदलला तर बाकी काय काय बदलावं लागेल?

उत्तर : ह्या स्पिंडलला खरा ऑटोमॅटिक टूल चेंजर, म्हणजे एटीसी, बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. एटीसी स्पिंडलच्या शाफ्टमधून आरपार एक ड्रॉबार, म्हणजे ओढणारा दांडा, जातो, त्यावर चकत्यांच्या स्प्रिंगांची चळत असते आणि ती चळत ड्रॉबार सतत वर ओढून धरते, खालचा ग्रिपर टूलच्या होल्डरच्या डोक्यावरच्या पुल स्टडला (बोंडाला) पकडतो. म्हणजे टूल धरायला हवा लागत नाही, सोडायला लागते, साधारण ६ बार. लाईट गेली किंवा एअरचा पाइप निसटला तरी टूल जागेवरच राहतं. तुमच्या स्पिंडलच्या शाफ्टमध्ये ही व्यवस्थाच नाही, आणि ती घरी लेथवर करायच्या भानगडीत पडू नका, २४००० आरपीएमला फिरणारी वस्तू आहे ती.

साध्या स्पिंडलसाठी दुसरा एक प्रकार मिळतो, त्यात खाली मॅगझिनमध्ये (टूल ठेवायच्या खणात) कोलेटचा नट पकडणारे सॉकेट असतात आणि स्पिंडल उलटा-सुलटा फिरवून नट सोडवतात, आवळतात. आता गणित बघा, २.२ किलोवॅट आणि २४००० आरपीएम म्हणजे टॉर्क १ न्यूटन-मीटरच्याही आतच, तर एवढ्याशा टॉर्कने नट कसा आवळणार? आवळला जातो तो फिरत्या रोटरच्या झटक्याने. त्यामुळे किती आरपीएमला नट सॉकेटवर आदळवायचा हे ट्रायल घेऊन ठरवावं लागतं, आणि नटाच्या आट्यात भुसा अडकला की तोच झटका कमी पडतो. हलक्या कामाला चालेल, जाड कटर दाबून चालवणाऱ्याला मी सुचवणार नाही.

पण मला खरं बोलायचंय ते स्पिंडलबद्दल नाहीच. सगळे आधी स्पिंडल शोधतात, आयएसओ२० घेऊ का आयएसओ३० (होल्डरच्या निमुळत्या भागाचे, म्हणजे टेपरचे, आकार), टूल ठेवायचा रॅक सरळ का गोल, आणि मशीनला स्वतःची जागा नीट कळते का हे कोणी तपासतच नाही. होमिंग म्हणजे मशीनने स्विचपर्यंत जाऊन आपली सुरुवातीची जागा ठरवणं. हाताने टूल बदलताना ते २ मिमी चुकलं तर काही बिघडत नाही कारण तुम्ही जॉबवर परत झिरो घेता, पण रॅक मशीनला कायमचा बोल्टने बसवलेला असतो, त्याची जागा मशीन कोऑर्डिनेटमध्ये, म्हणजे होमपासून मोजून, लिहिलेली असते, तिथे कोणी कागद सरकवून बघत नाही. माझ्याकडे एकदा होम स्विचच्या पत्तीखाली भुश्याचा खडा अडकला, मशीन दोन-तीन मिमी आधीच होम झालं, मला पत्ताच नाही, जॉब अर्धा मस्त चालला आणि टूल बदलायला गेल्यावर स्पिंडल सरळ फोर्कवर (रॅकमधला होल्डर धरणारा चिमटा). फोर्क प्लास्टिकचा होता म्हणून तोच तुटला. तेव्हापासून माझे फोर्क ॲसिटल प्लास्टिकचेच असतात, ते तुटावेत म्हणूनच.

तर आधी हे करा. डायल गेज लावा, मशीन बंद-चालू करून वीस वेळा होम करा आणि दर वेळी रीडिंग लिहा. फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर मायक्रोस्विच काढून इंडक्टिव्ह प्रॉक्सी (न टेकता धातू ओळखणारा सेन्सर) लावा, दुसऱ्या फेरीत हळू जाऊन होम करा, आणि गॅन्ट्रीला (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या कमानीला) दोन बाजूंना दोन मोटर असतील तर दोन्हींना वेगळे होम स्विच द्या, नाहीतर गॅन्ट्री किंचित तिरकी बसते आणि रॅकचा पहिला फोर्क बरोबर, शेवटचा चुकलेला. साध्या स्टेपरचं आणखी एक दुखणं म्हणजे स्टेप चुकल्या तर कंट्रोलरला कळतच नाही. क्लोज्ड लूप स्टेपर (स्वतःची जागा तपासत राहणारे) लावता आले तर लावा, नाहीतर निदान प्रत्येक टूल चेंजच्या आधी परत होम करायचं, अर्धा मिनिट जातो, जाऊ दे.

दुसरी गोष्ट इंटरलॉक, म्हणजे चुकीच्या वेळी टूल सुटूच नये अशी अडवणूक. स्पिंडल फिरत असताना टूल सोडायची एअर आत सोडली गेली तर टूल गोळीसारखं सुटतं. हे मॅक्रोच्या (टूल बदलायच्या प्रोग्रॅमच्या) भरवशावर सोडू नका. स्पिंडल थांबल्याचा सिग्नल व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या) रिलेमधून किंवा स्पिंडलच्या सेन्सरमधून घ्या आणि एअरचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडची वायर त्यातूनच न्या, म्हणजे सॉफ्टवेअर वेडं झालं तरी व्हॉल्व्ह उघडणार नाही. लाइनवर प्रेशर स्विच हवा, कारण हवा कमी असेल तर टूल अर्धवट सुटतं आणि झेड वर जाताना रॅकच उचलायला बघतो. स्पिंडलमधले टूल पकडलं, टूल सोडलं, पकडीत टूलच नाही, हे तिन्ही सेन्सर जोडा, वायरी कमी करायला म्हणून सोडून देऊ नका. हो, आणि टूल सोडताना ड्रॉबार होल्डरला किंचित खाली ढकलतो, त्यामुळे फोर्कला खालच्या दिशेने थोडी लवचीक जागा ठेवा.

कंट्रोलरचं म्हणाल तर मूळ जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर एम६, म्हणजे टूल बदलायची आज्ञा, ओळखतच नाही, जीआरबीएल-हॅल किंवा लिनक्स-सीएनसीवर जा, माख-३ असेल तर त्यात टूल चेंजचा मॅक्रो लिहायची सोय आहेच. मॅक्रोपेक्षा लोक फसतात ते एका साध्या प्रश्नावर, लाईट गेल्यावर परत चालू केलं तर स्पिंडलमध्ये कुठलं टूल आहे हे मशीनला आठवतं का? नाही आठवलं तर ते भरलेल्या फोर्कमध्ये दुसरा होल्डर घुसवणार. फाइलमध्ये सेव्ह करा, किंवा प्रत्येक फोर्कखाली एक प्रॉक्सी लावा, ते जास्त खात्रीचं.

वजनाचंही बघा. एटीसी स्पिंडल तुमच्या आताच्यापेक्षा बराच जड असतो, पॉवर गेली की झेड खाली घसरतो, ब्रेकवाली मोटर किंवा गॅस स्प्रिंग लागेल. गॅन्ट्री आत्ताच थरथरत असेल तर आधी ती.

तुमच्या जागी मी असतो तर आज फक्त टूल सेटर (टूल टेकलं की सिग्नल देणारं बटण) लावला असता. एम६ आलं की मशीन पुढे येऊन थांबतं, तुम्ही टूल बदलून बटण दाबता, ते स्वतः सेटरवर जाऊन लांबी मोजतं आणि कट चालू. तुमचा निम्म्याहून जास्त वैताग त्या कागदाच्या झिरोचा आहे, पान्यांचा नाही. आणि हे काम वाया जात नाही, पुढे एटीसी घेतलात तरी सेटर लागतोच. फक्त कोलेटमध्ये टूल दर वेळी वर-खाली बसतं म्हणून प्रत्येक वेळी मोजावं लागतं, टेपर होल्डरमध्ये लांबी एकदा टूल टेबलमध्ये भरली की जी४३ने, म्हणजे ती लांबी लागू करणाऱ्या आज्ञेने, काम भागतं.

प्रश्न : एटीसी बसवलाय, छान चालतो, पण डस्ट शू (स्पिंडलभोवतीचा भुसा ओढून घेणारा भाग) आड येतो आणि आता होल्डर बसताना रनआउट, म्हणजे कटरचं डगमगत फिरणं, वाढलाय. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : असणारच. शू काढून ठेवत असाल तर भुसा सगळा रॅकवर, आणि रॅकमध्ये होल्डर टेपर वर करून उभे असतात म्हणजे भुसा थेट टेपरवर. टेपरवर एक बारीक कण राहिला तरी कटरच्या टोकाला तो मोठा होऊन दिसतो. रॅकला झाकण करा, छोट्या सिलिंडरने उघडणारं. होल्डर घेताना स्पिंडलमधून हवेचा फवारा मारायची सोय असेल तर ती चालू आहे ना बघा, आणि त्या हवेला पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, ओली हवा मारलीत तर टेपर गंजेल. शू रॅकच्या बाजूने उघडा ठेवा, घोड्याच्या नालेसारखा, म्हणजे काढायलाच नको. चुंबकाने चिकटणारा शू स्टँडवर सोडून येणं हाही उपाय आहे, पण तो खरंच सुटला का हे बघणारा स्विच लावल्याशिवाय करू नका. आतला टेपर लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा, बोटाने नाही.